बिवलकरांना शंका आहे

आमचे बिवलकर दर रविवारी सकाळी परक्या पलंगावर आडवे होऊन यायचे. गैरसमज नको. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात कुठे नवा टॉवर उठत असेल, तर बिल्डर तिथे लोकांना दाखवायला एक सजवलेला फ्लॅट ठेवतो. सॅम्पल फ्लॅट. बिवलकर इस्त्रीचा शर्ट घालून तिथे जात, घर घ्यायचंय असं सांगत, तिथल्या मुलीने दिलेली कोल्ड कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत पीत, आणि मग बूट काढून थेट बेडरूममधल्या पलंगावर पाठ टेकत. त्यांचे पाय घोट्यांपासून पुढे हवेत राहत.

"बघितलंत?" ते पडल्या पडल्या त्या मुलीला विचारत. "मी काही फार उंच नाही. मग पाय बाहेर का? खोली मोठी दिसावी म्हणून पलंग छोटा करून घेतलाय. आणि या खोलीला दार का नाही लावलं? उघडायला जागा नाही म्हणून."

मुलगी मॅनेजरला बोलवायला पळे. तो येईपर्यंत हे मोजपट्टी काढून खिडकी मोजत. एकदा मी आणि संजय, म्हणजे माझा नवरा, रविवारचे सहज एका सॅम्पल फ्लॅटमध्ये डोकावलो तर पलंगावर हे. आम्हाला बघून उठलेसुद्धा नाहीत. "या वर्षाताई," म्हणाले, "गादी मात्र चांगली आहे."

घर घ्यायचं त्यांच्या मनातही नव्हतं. घर न घेणं बरोबर कसं, याचा पुरावा गोळा करायला ते जात.

बिवलकर आमच्या समोरच्या दारात राहायचे. मुलुंड पूर्वेला मधुकुंज नावाची आमची तीन मजली, बिनलिफ्टची सोसायटी. त्यात बाकी सगळे मालक आणि हे एकटे भाडेकरू. त्यांचा घरमालक कॅनडात. करार अकरा महिन्यांचा, संपला की पुन्हा अकरा महिन्यांचा. असं करत करत हा माणूस आमच्यात चौदा-पंधरा वर्षं राहिला, पण आपण इथले आहोत हे त्याने एक दिवसही कबूल केलं नाही. फ्रिजचं, मिक्सरचं, टीव्हीचं खोकं थर्माकोलसकट माळ्यावर जपलेलं. भिंतीला एक खिळा नाही. कॅलेंडर दाराच्या कडीला. "उद्या निघा म्हटलं तर दुपारपर्यंत टेम्पो भरेन," असं ते ऐटीत सांगत. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाहीत, असं माझ्या सासूबाईंनी एकदा सरळच विचारलं, तर म्हणाले, "त्यात अकरा महिन्यांची सोय नव्हती."

नोकरी त्यांची एका विमा कंपनीत सर्व्हेअरची. कुठे गोदाम जळालं, कुठे माल भिजला, की हे जाऊन बघायचे, जळालं की जाळलं, भिजला की भिजवला. आयुष्यभर संशय घेण्याचाच पगार घेतला, त्यामुळे रिटायर झाल्यावरही सवय सुटली नाही. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबिरीची काडी जास्त टाकली तर हे पिशवी तिथेच उलटी करून टोमॅटो तपासणार. "मला शंका आहे," हे त्यांच्या तोंडचं नेहमीचं वाक्य. पुढचं वाक्य काहीही असो, सुरुवात तीच.

आम्ही मधुकुंजमध्ये घर घेतलं तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. शेजारधर्म. त्यांनी पेढा घेतला, वास घेतला, आणि विचारलं, "कर्ज किती वर्षांचं?"

"वीस," मी म्हटलं.

"म्हणजे वीस वर्षं तुम्ही बँकेचे भाडेकरू. माझा नळ गळला तर मालक दुरुस्त करून देतो. तुमची बँक देईल?"

पेढा तोंडात होता म्हणून मी गप्प बसले. पण पुढे जिन्यात भेटले की आमची जुंपायची. त्यांचं म्हणणं असं, की ज्या घराचा हप्ता भरताना तुमच्या नाकी नऊ येतात, तेच घर निम्म्याहून कमी पैशांत भाड्याने मिळतं. उरलेले पैसे बाजूला टाका, वाढू द्या, निवांत झोपा. वर स्टॅम्प ड्यूटी नाही, मेंटेनन्स नाही, मालमत्ता कर नाही, सोसायटीच्या सभेत चहा-बिस्किटांवरून भांडणं नाहीत.

"पण भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे," मी म्हणायचे.

"आणि व्याज कुठे जातं? गच्चीवर?"

"शेवटी घर आपलं होतं ना पण, काका."

"शेवटी म्हणजे कधी? तुम्ही साठीच्या झालात की? तोवर इमारत म्हातारी होते. मग ती पाडतात. मला शंका आहे, तुम्ही घर नाही घेतलंत, हवेतला चौकोन घेतलायत."

यातलं निम्मं पटायचं म्हणून मला जास्तच राग यायचा. मी संजयला म्हणायचे, याच्याकडे पैसेच नसतील रे, म्हणून हे तत्त्वज्ञान. कोल्हा नि द्राक्षं. संजय म्हणायचा, तसं नाही गं, त्यांच्या टपालात एफडीची पत्रं मी बघितलीत, त्यांनी मनात आणलं तर दोन घरं घेतील. मग मात्र मला कळेना. ज्याला परवडतं तो माणूस जन्मभर दुसऱ्याच्या छपराखाली का राहतो? संशयाची लागण होते, हे मी अनुभवाने सांगते. बिवलकर सगळ्या जगावर संशय घ्यायचे आणि मी बिवलकरांवर.

त्यांचं भाकीत खरं ठरलं, पण आम्ही साठीचे व्हायच्या आधीच. खांबांना तडे गेले, गच्ची गळू लागली, आणि मधुकुंज पुनर्विकासाला गेली. म्हणजे जुनी इमारत पाडायची, बिल्डर तिथे उंच टॉवर बांधणार, मालकांना त्यात नवीन, थोडी मोठी घरं फुकट, आणि टॉवर उभा राहीपर्यंतच्या तीन वर्षांचं भाडंही बिल्डर देणार. भाडेकरूला यातलं काही नाही. बिवलकरांचा कॅनडावाला मालक नवीन घर मिळालं की विकणार होता, तसं त्याने कळवूनही टाकलं होतं. ते ऐकल्यावर बिवलकर एवढंच म्हणाले, "त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. हिशेबात बसतं."

बिल्डरचा माणूस बोलणी करायला आला तेव्हा सभा गच्चीवर होती. भाडेकरूला सभेत बसता येत नाही. म्हणून बिवलकर गच्चीच्या दाराबाहेर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले. बिल्डरच्या माणसाने एकेक आश्वासन द्यावं आणि पटलं नाही की बिवलकरांनी बाहेरून खोकावं. "भाडं आम्ही दर महिन्याला वेळेवर देऊ." खोकला. आमचे सेक्रेटरी चेऊलकर लगेच म्हणाले, "नाही, वर्षाचे चेक आगाऊ पाहिजेत." "क्षेत्रफळ कागदावर नंतर घालू." लांबलचक खोकला, ठसका लागेपर्यंत. "ते आत्ताच घाला," चेऊलकर म्हणाले. शेवटी तो माणूस वैतागला. "बाहेर कोण बसलंय?"

"कोणी नाही," आम्ही सगळे एकदम म्हणालो. त्या दिवशी मला पहिल्यांदा बिवलकर आवडले.

करार झाला आणि आमची खरी पंचाईत सुरू झाली. सगळ्यांनी भाड्याची घरं शोधायची. आम्ही सगळे मिजासखोर मालक. डिपॉझिट कसं ठरवतात, दलाल कुठे टोपी घालतो, पोलीस स्टेशनात काय कळवायचं, कुणाला काडीची अक्कल नव्हती. ज्याला आम्ही जिन्यात टाळत होतो, त्याच्या दाराबाहेर रोज संध्याकाळी चपलांचा ढीग दिसू लागला. बिवलकर कुणालाही नाही म्हणाले नाहीत. मोजपट्टी खिशात टाकून ते प्रत्येकाबरोबर घर बघायला जायला लागले.

आम्ही घोडबंदर रोडला एक घर बघून ठेवलं होतं. सातवा मजला, लख्ख उजेड, दोन बाल्कन्या, त्यातल्या एकीतून डोंगर दिसायचा. भाडं इतकं कमी की बिल्डर देणार त्यातले पैसे दर महिन्याला उरले असते. संजयने मनात झोपाळासुद्धा टांगला होता. बिवलकरांना नेलं. त्यांनी नळ सोडले, फ्लश ओढला, भिंतीला कान लावून टिचक्या मारल्या, मोरीत नाक घातलं.

"मला शंका आहे," परत येताना रिक्षात म्हणाले.

"कसली?" मी विचारलं. "सगळं तर चांगलं होतं."

"वॉचमन हसला."

"मग?"

"वॉचमन उगाच हसत नाही. आणि लिफ्टमध्ये आरसा आहे. आरसा कधी लावतात? लिफ्ट हळू असते तेव्हा. माणसाने स्वतःकडे बघत बसावं, वेळ गेलेला कळू नये."

संजयचा चेहरा पडला. आठवड्याने त्यांनी आम्हाला आमच्याच गल्लीत, मधुकुंजपासून हाकेच्या अंतरावर एक घर दाखवलं. पहिला मजला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, दुपारी बारालाही दिवा लावायला लागेल असं. न्हाणीघराच्या भिंतीवर ओलीचा हा एवढा डाग. मी डागाकडे बोट दाखवलं. बिवलकरांनी त्यावरून मायेने हात फिरवला. "जुना आहे," म्हणाले, "बसलाय. आता काही वाढायचा नाही. घ्या."

हे बिवलकर बोलले. ज्यांनी पेढ्याचा वास घेतला होता ते.

मी सरळ चेऊलकरांकडे गेले. चेऊलकरांचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यांना ऐरोलीला मुलीजवळ लिफ्टवालं घर मिळत होतं. "ते त्यांनी नापास केलं," चेऊलकर म्हणाले. "म्हणाले, खाडीचा वारा येतो, सांधे धरतील. आणि पास काय केलं? आपल्या गल्लीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणाले, जिना चढलात तर गुडघे मोकळे राहतील. डॉक्टर काय आहे का तो?"

मग आम्ही बाकीच्यांची चौकशी केली. भांडुप, कळवा, डोंबिवली, अगदी मुलुंड पश्चिमसुद्धा, सगळं नापास. पास झालेलं प्रत्येक घर आमच्याच गल्लीत, नाहीतर मागच्या. आणि सगळी घरं एकाच दलालाची, कोपऱ्यावरच्या जिग्नेशची.

"खातोय," चेऊलकर म्हणाले. "आपल्या जिवावर कमिशन खातोय म्हातारा."

खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. इतक्या वर्षांचा माझा संशय खरा ठरला होता. हातात पुरावा घेऊनच त्यांच्या तोंडावर जायचं असं ठरवून आम्ही दोघं दुपारी जिग्नेशच्या दुकानात गेलो. एक टेबल, एक पंखा, भिंतीवर किल्ल्यांचा फळा.

"काका किती घेतात तुझ्याकडून?" चेऊलकरांनी बसायच्या आधीच विचारलं.

जिग्नेशने कपाळावर हात मारला. "काका? घेतात? अरे साहेब, माझी वाट लावली त्या माणसाने. प्रत्येक घरामागे माझी दलाली अर्धी केली. बोलतात, एवढी घरं देतोय, होलसेलचा रेट लाव."

"मग सगळ्यांना याच गल्लीत का कोंबतायत?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत, भाभी. सगळ्यात आधी त्यांनी स्वतःची रूम घेतली, ती पिठाच्या गिरणीच्या वरची. मग बोलले, आता इकडून चालत पाच मिनिटांत जेवढी घरं आहेत, तेवढी मला दाखव, दुसऱ्या कोणाला देऊ नको." त्याने खुर्ची पुढे ओढली. "आणि तुम्हाला सांगतो, मालक लोक तयार नव्हते. म्हातारी माणसं नको, रिडेव्हलपमेंटवाले नको, वेळेवर खाली करणार नाहीत, असं बोलत होते. तर काका प्रत्येक मालकाच्या घरी गेले. चहा पीत बसले. माझ्यासमोर बोलले, या लोकांबद्दल मला शंका नाही."

"असं म्हणाले?" चेऊलकरांनी विचारलं.

"सगळ्यांबद्दल. तुमच्याबद्दल पण."

परत येताना चेऊलकर एकदा नुसतं "च्यायला" म्हणाले आणि आपल्या जिन्याकडे वळले.

मी जिना चढून बिवलकरांच्या दाराशी गेले. दार उघडंच होतं. ते फ्रिजचं खोकं खाली काढून पुसत होते. मी पुरावा दाखवायला निघाले होते, आता नुसतीच उभी राहिले.

"जिग्नेशकडे गेले होते," मी म्हटलं.

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "ते घर घ्या, वर्षाताई. हिशेबात बसतं. तुमच्या सासूबाईंचा डॉक्टर इथे, तुमची बाई इथे, रोजचा जाण्यायेण्याचा खर्च धरला तर..." पुढे ते अडखळले. बोटांवर काहीतरी मोजायला गेले आणि सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बिवलकरांचा हिशेब चुकताना बघत होते, कारण घोडबंदरचं घर सगळं धरूनही स्वस्त पडत होतं आणि ते त्यांना माझ्याहून नीट माहीत होतं.

"काका, घोडबंदरच्या घरात काय वाईट होतं?"

"काही नाही," ते म्हणाले. "झकास होतं."

मग खोक्याच्या कडेवर बसले. "मी पुष्कळ बिऱ्हाडं केली. बोरिवली, चारकोप, मरोळ, घाटकोपर. निघताना सगळे म्हणतात, येत जा हं. मीही म्हणतो, येत जा. कुणी येत नाही. मीही गेलो नाही कुठे. भाडेकरूचं काय, घर सोडलं की माणसं सुटतात. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं." ते फडक्याची घडी घालत होते, उलगडत होते. "या खेपेला निघणारा मी एकटा नव्हतो. सगळेच निघत होते. तर म्हटलं, एकाच दिशेला निघूया."

खरं तर मला रागच आला होता. या माणसाने माझी बाल्कनी घालवली होती, डोंगर घालवला होता, दर महिन्याला उरणारे पैसे घालवले होते, आणि वर मला त्याच्यावर ओरडताही येत नव्हतं. मी म्हटलं, "चहा टाकते, या." आणि घरी आले.

संजय घोडबंदरच्या मालकाला फोन लावायच्याच बेतात होता. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"अगं, काय झालं?"

"लिफ्टमध्ये आरसा आहे," मी म्हटलं. "मला शंका आहे."

आता आम्ही त्या अंधाऱ्या घरात राहतो. डाग वाढला, अर्थातच. चेऊलकर दुसऱ्या मजल्यावरून रोज बिवलकरांना शिव्या घालत उतरतात आणि त्यांच्याच खोलीवर पेपर वाचायला जातात. गिरणी सुरू असली की तिथे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघं ओरडून वाद घालतात आणि अख्ख्या गल्लीला बातम्या कळतात. आमच्या सासूबाईंनी दुपारी काही विशेष केलेलं असलं की एक वाटी तिकडे जाते. ते वास घेऊन खातात, पण खातात. मी एकदा विचारलं की एवढे पैसे गाठीला आहेत तर नव्या टॉवरमध्ये एक घर विकत का घेत नाही, आमच्याच मजल्यावर, तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना धर्म बदलायला सांगितला. मी परत तो विषय काढला नाही. आणि आता तिथल्या घरांचे भाव आणि भाडी दोन्ही ऐकली की वाटतं, हा माणूस तिथे भाड्यानेसुद्धा येणार नाही. त्यांच्या हिशेबात ते बसायचं नाही.

मधुकुंजच्या जागी निळे पत्रे लागले आहेत. आत मोठा खड्डा आहे. परवा संध्याकाळी मी बाजारातून येत होते तर बिवलकर पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभे. आत जेसीबी चालू होता, ट्रक भरून माती बाहेर पडत होती. मीही पिशवी खाली ठेवून दुसऱ्या फटीला डोळा लावला. काम जोरात होतं. मी मनात हिशेब केला, असंच चाललं तर तीन वर्षांत नक्की उभा राहील. आम्ही सगळे एका दिवसात टेम्पो भरून परत जाऊ, आणि त्यांना येत जा म्हणू.

"काका," मी विचारलं, "काय वाटतं, वेळेवर देईल ताबा?"

बिवलकरांनी फटीवरचा डोळा काढला नाही.

"बिल्डर आहे," ते म्हणाले. "कोर्टकज्जा निघेल, परवानगी अडेल, पैसे संपतील. पाच वर्षं सहज लागतील त्याला. सहासुद्धा लागतील."

बिल्डरच्या कामाबद्दल एवढ्या आशेने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. "लागू देत," मी म्हटलं.